'गॅस' म्हणून सोडून देऊ नका : हृदयविकाराची लक्षणे, धोके आणि पहिल्या तासात करायची कामे

छातीत दुखू लागले की आपल्या वस्तीत पहिला शब्द निघतो तो म्हणजे 'गॅस'. मग सोडा येतो, ओव्याचे पाणी येते, कोणी पाठ चोळून देते, कोणी मेडिकलमधून पित्ताची गोळी आणते. बहुतेक वेळा तो खरोखर गॅसच असतो. पण ज्या वेळी नसतो, त्या वेळी हा तास-दोन तासांचा उशीर माणसाचा जीव घेतो. आम्ही वस्त्यांमध्ये फिरतो तेव्हा "रात्री पित्त झालं म्हणाले आणि पहाटे गेले" हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. या वाक्यातली रात्र आणि पहाट यांच्यामध्ये काय करता येते, ते या लेखात मांडले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ७९ लाख माणसे हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी दगावली. भारतात चारपैकी एकाहून अधिक मृत्यू याच आजारांमुळे होतात. 'हा श्रीमंतांचा, बसून खाणाऱ्यांचा रोग' ही समजूत आता सोडून द्यावी लागेल. हातगाडी ओढणारा, बारा तासांची सिक्युरिटीची ड्युटी करणारा, सफाई कामगार, घरकाम करणारी बाई हे सगळे या यादीत आहेत.

झटका म्हणजे नेमके काय?

हृदय हा एक स्नायू आहे. तो सगळ्या शरीराला रक्त पुरवतो, पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या तीन मुख्य धमन्यांमधून मिळते. वर्षानुवर्षे या धमन्यांच्या आतल्या अस्तरात चरबीचे थर साचत जातात. तंबाखू, साखर आणि वाढलेला रक्तदाब हे अस्तर खराब करतात, त्यामुळे थर लवकर साचतात. एखाद्या दिवशी असा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि धमनी अचानक बंद होते. त्यापुढचा स्नायू रक्तावाचून अर्ध्या तासाच्या आसपास मरू लागतो. हा हृदयविकाराचा झटका. मेलेला स्नायू परत येत नाही, म्हणूनच 'वेळ म्हणजे स्नायू' असे डॉक्टर सांगतात.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. झटक्यात धमनी बंद पडते, पण हृदय चालू असते. माणूस बोलतो, चालतो, कधी स्वतः रिक्षात बसून दवाखान्यात जातो. हृदय बंद पडणे म्हणजे कार्डिअॅक अरेस्ट ही वेगळी गोष्ट आहे. त्यात माणूस कोसळतो, श्वास थांबतो आणि काही मिनिटांत मृत्यू येतो. झटक्यातून अरेस्ट कधीही होऊ शकतो, आणि त्याचा धोका पहिल्या तासात सर्वाधिक असतो. त्यामुळे "चालतोय-बोलतोय, म्हणजे ठीक आहे" हा निष्कर्ष काढू नये.

लक्षणे कशी ओळखायची?

सिनेमातला नायक छाती धरून कोसळतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा सुरुवात इतकी नाट्यमय नसते. पुढील गोष्टींकडे लक्ष द्या.

१. छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे. रुग्ण बहुधा 'दुखतंय' म्हणत नाही. 'छातीवर दगड ठेवल्यागत वाटतंय' म्हणतो आणि बोटाने जागा दाखवण्याऐवजी अख्खी मूठ छातीवर ठेवतो.

२. ही कळ डाव्या किंवा दोन्ही हातांत, खांद्यात, मानेत, खालच्या जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणे.

३. पंखा चालू असतानाही थंड घाम सुटणे. छातीतल्या त्रासासोबत असा घाम आला तर एक मिनिटही थांबू नये.

४. काही श्रम न करता धाप लागणे, मळमळ, उलटी, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, कारण नसताना प्रचंड घाबरल्यासारखे होणे.

५. त्रास दहा-पंधरा मिनिटांहून अधिक टिकणे, किंवा जाऊन पुन्हा परत येणे.

गॅस आणि झटका घरी बसून खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत. ढेकर आल्यावर बरे वाटले म्हणून हृदय ठीक आहे, असे सिद्ध होत नाही. तो फरक ईसीजी आणि रक्तातील ट्रोपोनिनची तपासणी दाखवते. पहिला ईसीजी कधी कधी नॉर्मल येतो. त्रास चालू असेल तर थोड्या वेळाने दुसरा काढावा लागतो, हे नातेवाइकांना माहीत असले पाहिजे.

झटक्याच्या आधी काही आठवडे किंवा महिने शरीर सूचनाही देते. जिना चढताना, चढावर सायकल मारताना, जेवून लगेच चालताना छाती भरून येते आणि थांबले की दोन-पाच मिनिटांत बरे वाटते. याला अंजायना म्हणतात. 'थांबलं की जातं' म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण श्रमाने येणारा आणि विश्रांतीने जाणारा त्रास हीच हृदयाची खूण आहे. तो हल्ली कमी श्रमात किंवा बसल्या जागी येऊ लागला असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

बाया आणि मधुमेही : जिथे सर्वाधिक फसगत होते

छातीत त्रास हे स्त्रियांमध्येही सर्वांत नेहमीचे लक्षण आहे. पण त्यांच्यात त्यासोबत, किंवा कधी त्याच्याशिवाय, दम लागणे, कमालीचा थकवा, मळमळ, पाठदुखी आणि जबड्यातली कळ अधिक दिसते. घरातली बाई "आज अंगात जीवच नाही" म्हणते, तेव्हा तिला अशक्तपणा आहे, टेन्शन आहे, असे सांगून झोपवले जाते. ती स्वतःही स्वयंपाक उरकून मग बघू म्हणते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांचा धोका वाढतो. बाळंतपणाच्या वेळी ज्यांचा रक्तदाब वाढला होता किंवा ज्यांना त्या काळात साखर निघाली होती, त्यांना पुढील आयुष्यात हा धोका जास्त असतो. हे त्यांना प्रसूतीनंतर कोणीतरी सांगायला हवे.

अनेक वर्षे मधुमेह असलेल्यांच्या नसा बधिर होतात. त्यांना झटक्यात छातीत दुखतेच असे नाही. अचानक धाप, घाम किंवा गळून जाणे एवढेच दिसते. मधुमेहीला असे झाले तर आधी साखर कमी झाली का ते पाहा आणि लगेच ईसीजीही काढून घ्या.

तरुण वयात धोका नसतो का?

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या ५२ देशांतील अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षाच्या आसपास आल्याचे दिसले. उर्वरित जगात हेच वय सुमारे ५९ होते. म्हणजे आपल्याकडे हा आजार कर्त्या माणसाला, मुलांची शिक्षणे चालू असताना गाठतो. त्याच अभ्यासाने दुसरी महत्त्वाची गोष्ट दाखवली. पहिल्या झटक्याच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के भाग नऊ गोष्टींशी जोडलेला आहे : तंबाखू, बिघडलेले कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारू पिण्याच्या सवयी. यात नशीब फारसे नाही. यातल्या बहुतेक गोष्टी मोजता येतात आणि बदलता येतात.

तरुण अचानक कोसळून मेल्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि त्याखाली 'कोविडच्या लशीमुळे' असे लिहिलेले असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयोगटातील अशा अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लशीमुळे धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात अचानक मृत्यूचा इतिहास, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अति मद्यपान, अमली पदार्थ किंवा अतितीव्र व्यायाम या गोष्टींचा संबंध मात्र दिसला.

पोलीस भरतीची किंवा स्पर्धांची तयारी करणाऱ्या मुला-मुलींनी एक नियम पाळावा. धावताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, किंवा घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलेले असणे, यांपैकी काहीही असेल तर मैदानावर परत जाण्याआधी ईसीजी आणि टू-डी इको करून घ्यावी. जन्मजात जाड झालेला हृदयाचा स्नायू किंवा ठोक्यांची गडबड यातून सापडू शकते. जिममध्ये कोणी दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शने आणि पावडरी हाही हृदयावरचा भार आहे.

वस्तीतला विसरलेला हृदयरोग

आणखी एका आजाराबद्दल बोलायला हवे, कारण तो थेट दाटीवाटीच्या घरांशी आणि गरिबीशी जोडलेला आहे : संधिवाताचा ताप आणि त्यातून होणारा झडपांचा विकार. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना एका विशिष्ट जिवाणूमुळे घसा दुखून ताप येतो. उपचार अपुरे राहिले तर काहींना दोन-तीन आठवड्यांनी गुडघा, घोटा, मनगट असे एकामागून एक सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. दहा-पंधरा वर्षांनी दम लागू लागतो. मुलींमध्ये तर अनेकदा पहिल्या बाळंतपणात हे उघड होते. असा ताप झालेल्या मुलाला दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. ते स्वस्त आहे. एक खोली, आठ माणसे आणि बंद खिडकी ही या रोगाची मुळे आहेत. म्हणून घरांचा प्रश्न हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

पायांवर सूज, आडवे झाल्यावर दम लागून उठून बसावे लागणे, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढणे ही हृदयाची ताकद कमी झाल्याची लक्षणे आहेत. झडपा असोत की जुना झटका, ही लक्षणे दिसली की तपासणी लांबवू नये.

पहिल्या तासात काय करायचे?

१. रुग्णाला बसवा किंवा पाठीला टेका देऊन अर्धवट झोपवा. चालवू नका, जिना चढवू नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका.

२. १०८ ला फोन करा. पत्ता सांगताना जवळची खूण सांगा आणि एक मुलगा गल्लीच्या तोंडाशी उभा करा. अरुंद बोळात रुग्णवाहिका शोधण्यात जाणारी दहा मिनिटे यामुळे वाचतात. गाडीला फार उशीर होणार असेल तर जे वाहन मिळेल त्यातून निघा.

३. रुग्ण शुद्धीवर असेल, अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल, पोटात रक्तस्राव किंवा अल्सरचा त्रास नसेल, तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास साधे अॅस्पिरिन चावून खायला द्या. शक्यतो फोनवर डॉक्टरांना विचारून द्या. तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे असेल तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा अॅस्पिरिन देऊ नका.

४. जिभेखाली ठेवायची गोळी त्या रुग्णाला डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तरच द्या. शेजाऱ्याची गोळी उचलून दिल्याने रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतो.

५. जिथे ईसीजी आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टीची सोय आहे, तिथेच जा. गुठळीचे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत सर्वांत चांगले काम करते आणि साधारण बारा तासांपर्यंत देता येते. मोठे रुग्णालय लांब असेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी ईसीजी काढून घ्या. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पोहोचल्यापासून दहा मिनिटांत निघाला पाहिजे, तसा आग्रह धरा.

माणूस कोसळला, हाक मारून हलत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर सीपीआर सुरू करा. त्याला कठीण जमिनीवर उताणे झोपवा. छातीच्या मध्यभागी एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपरे ताठ ठेवून, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. थकल्यास दुसऱ्याने हात बदलावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये. तोंडाने श्वास देणे जमत नसेल तर फक्त छाती दाबली तरी चालते. तोंडात पाणी घालणे, कांदा हुंगवणे, चेहऱ्यावर पाणी मारत बसणे यात वेळ जातो. 'एकटे असाल तर जोरजोरात खोकत राहा' हा व्हॉट्सअॅपवरचा सल्लाही उपयोगाचा नाही. एकटे असाल तर दार उघडे ठेवा आणि फोन करा.

आपले आकडे माहीत करून घ्या

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक वारंवार येत असेल तर तो उच्च रक्तदाब. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास आधी चहा-तंबाखू टाळावी. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी साखर ६.५ टक्के किंवा जास्त आली की मधुमेहाची शक्यता धरून डॉक्टरांना दाखवावे. पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर हातपाय बारीक असले तरी धोका आहे. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तिशीपासूनच तपासणी करावी.

रक्तदाब आणि साखर दुखत नाहीत. म्हणूनच 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. गोळी चालू असल्यामुळेच आकडा बरा आलेला असतो, हे घरोघर समजावणे हे कार्यकर्त्याचे मोठे काम आहे.

तंबाखूत फक्त सिगारेट-बिडी येत नाही. मशेरी, तंबाखू-चुना, मावा, गुटखा हेही त्यात आले. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण तो टपरीवर मिळतो हे सर्वांना माहीत आहे. मिठाचे प्रमाण दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, यापेक्षा कमी हवे. लोणचे, पापड, फरसाण, खारवलेले सुके मासे यांत ते लपलेले असते. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी हे आपले जुने जेवण हृदयासाठी चांगलेच आहे. वडापाव-चहावर दिवस काढणाऱ्या कामगाराला मात्र नुसते 'सकस खा' सांगून भागत नाही. त्याला जेवणाची सुट्टी, ठरावीक कामाचे तास आणि झोप मिळवून देणे हाही हृदयरोग टाळण्याचाच भाग आहे.

खर्चाच्या भीतीने थांबू नका

'अॅडमिट केलं तर लाखांत बिल होईल' या भीतीने घरे उशीर करतात. म्हणून हे पाठ असू द्या. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतचे उपचार मोफत आहेत. तिशीनंतर रक्तदाब-मधुमेहाची तपासणी आणि गोळ्या तिथे मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास समाविष्ट आहेत. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि ओळखपत्र लागते, पण तातडीच्या वेळी आधी फोनवरून मंजुरी घेऊन कागद नंतर देता येतात. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो. गेल्या गेल्या त्याला गाठा. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. त्याआधी औषध लावलेल्या स्टेंटसाठी लाखाच्या पुढे रक्कम घेतली जाई. आज बिलात स्टेंटचे नाव आणि किंमत वेगळी लिहून मागा.

तातडीच्या रुग्णाला प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये आणि पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीव वाचवण्याचे हे कर्तव्य घटनेच्या कलम २१ शी जोडले आहे. 'आधी पैसे भरा' असे ऐकू आले तर हे शांतपणे आणि ठामपणे सांगता आले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे

बाबासाहेब अनेक वर्षे मधुमेहाशी झुंजत काम करत राहिले आणि ६५ व्या वर्षी गेले. आजचे आपले ज्येष्ठ कार्यकर्तेही सभा, प्रवास, जागरण आणि अवेळी खाणे यांत गोळ्या विसरतात. चैत्यभूमी, दीक्षाभूमीला जाणाऱ्या गटात प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात औषधांची चिठ्ठी, दोन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या आणि घरचा फोन नंबर असेल, याची जबाबदारी एका तरुणाने घ्यावी.

विहारात महिन्यातून एकदा रक्तदाब मोजायला आशाताई किंवा नर्सताईंना बोलवा. जे सापडतील त्यांची नोंद वहीत ठेवा आणि पुढच्या महिन्यात ते परत आले का ते बघा. शिबिरापेक्षा हा पाठपुरावा जास्त जीव वाचवतो. मंडळातल्या दहा जणांनी सीपीआर हाताने करून शिकावे.

आणि विहाराच्या भिंतीवर एक पाटी लावा. त्यावर चार ओळी पुरेत : १०८, चोवीस तास ईसीजी निघणारे जवळचे रुग्णालय, अँजिओप्लास्टीची सोय असलेले योजनेतील जवळचे रुग्णालय, आणि रात्री-अपरात्री गाडी काढणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे नंबर. या चार ओळी भरण्यासाठी एक दुपार लागेल. ती याच आठवड्यात काढा.